धुपेबंदरच्या कोशावरचा दावा

तेंडोलकरांनी नोटीस माझ्या टेबलावर ठेवली आणि तिच्यातल्या एका शब्दावर बोट ठेवलं. शब्द होता ‘वाङ्मयचौर्य’. त्याच्याखाली त्यांनी पट्टी लावून पेन्सिलीने सरळ रेघ मारलेली.

“मॅडम, एवढा शब्द मागे घ्यायला लावा. पुस्तक नाही निघालं तरी चालेल.”

चालेल म्हणणाऱ्या माणसाचा चेहरा असा नसतो. सदुसष्ट वर्षांचे गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, खुर्चीच्या अगदी काठावर बसलेले. मांडीवर एक जुनी बॅग, ती खाली ठेवायला तयार नाहीत. मी चिडखोर बाई आहे, ठाणे कोर्टात कुणालाही विचारा. अशील स्वतःहून कमी मागायला लागला की मी जास्तच चिडते. मी विचारलं, किती वर्षं केलंत हे काम? म्हणाले, अकरा. मग अकरा वर्षांचं काम नाही निघालं तरी चालेल, असं मला सांगू नका, खोटं बोलायला समोरची पार्टी आहे, असं मी त्यांना सुनावलं. तेव्हा ते पहिल्यांदा हसले आणि बॅग खाली ठेवली.

आता प्रकरण काय ते सांगते. नावं सगळी बदललेली आहेत, माणसांची आणि पुस्तकांचीही. एक लेखिका आहेत, आपण त्यांना प्रमिलाताई म्हणू. ठाण्यातच राहतात, वय ऐंशीच्या घरात. ‘धुपेबंदर’ नावाचं एक काल्पनिक बंदर त्यांनी उभं केलं आणि त्या बंदरावर अकरा कादंबऱ्या लिहिल्या. तांडेल, खलाशी, दीपगृहाचा रखवालदार, मिठागरवाले, त्यांची भांडणं, खून, लग्नं, सगळं त्यात आहे. घराघरांत आई वाचते, मग मुलगी वाचते, अशी ती पुस्तकं.

तेंडोलकर डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये होते. राहायला कोपरला, स्टेशनपासून चालत पाच मिनिटं. आयुष्यभर सॅम्पल घ्यायचं, तपासायचं, कार्डावर लिहायचं, तारीख टाकायची आणि सही करायची. तीच सवय त्यांनी धुपेबंदरला लावली. प्रत्येक माणसाचं एक कार्ड. कोणत्या कादंबरीत आला, कोणत्या पानावर, वय किती, बायको कोण, होडीचं नाव काय. कार्डावरून टाइप करून ते एका साध्या वेबसाइटवर टाकायचे. फुकट, जाहिरातसुद्धा नाही. वाचकांना आवडायला लागलं. शेवटी डोंबिवलीतल्या एका वाचनालयाने ठरवलं की याचं पुस्तक करू, ‘धुपेबंदर कोश’. छपाईला जायच्या आठवड्यात नोटीस आली. प्रमिलाताईंच्या प्रकाशकाने फोर्टातल्या वकिलांकडून पाठवलेली. छपाई थांबवा, साइट बंद करा, लेखी माफी मागा.

सही मात्र प्रकाशकाबरोबर प्रमिलाताईंचीही होती. तेंडोलकरांना लागलेलं ते तेच.

“त्यांनी मला चोर म्हटलं,” ते म्हणाले.   मला त्या क्षणी त्या बाईंचा राग आलेला, खरं सांगते.

माझं रोजचं काम म्हणजे सोसायट्यांची भांडणं आणि भाडेकरूंचे दावे. पण वकिलीच्या सुरुवातीच्या काळात शाळेची गाइडं छापणाऱ्या एका प्रकाशकाचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे कॉपीराइट माझ्या हातातून गेलेला आहे. लोकांना वाटतं कॉपीराइट म्हणजे पुस्तकाभोवती घातलेलं कुंपण. तसं नाहीये. कायदा लेखकाला त्याच्या मांडणीचा हक्क देतो. त्याने ज्या शब्दांत सांगितलं ते शब्द त्याचे, गोष्टीची गुंफण त्याची. पण पुस्तकात काय आहे याबद्दल दुसऱ्या माणसाने बोलायचंच नाही, असा हक्क कुणाला नाही. असता तर परीक्षण लिहिता आलं नसतं, गाइड निघालं नसतं. बुधाजी तांडेल चौथ्या कादंबरीत मेला, हे मी इथे लिहू शकते. तो कसा मेला याचं प्रमिलाताईंनी लिहिलेलं अख्खं पान मी इथे उतरवू शकत नाही. मधली रेघ नेमकी कुठे, यावर आमची पोटं चालतात.

पहिलं काम म्हणून मी कोर्टात कॅव्हेट दाखल केलं. कॅव्हेट म्हणजे आधीच देऊन ठेवलेला अर्ज, की आमच्याविरुद्ध कुणी आलं तर आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका. मग कोशाचं प्रूफ वाचायला घेतलं. पहिल्या पन्नास पानांत मी खूश. नकाशा होता, वंशावळी होत्या, भरती-ओहोटीचं वेळापत्रक होतं. माणसाने किती विचार केलाय असं वाटत होतं. मग ‘ब’ आलं, बुधाजी तांडेल आला, आणि माझं डोकं फिरलं.

तेंडोलकरांना फोन करून बोलावून घेतलं आणि ती ओळ त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. “‘बुधाजीचे डोळे ओहोटीच्या चिखलासारखे होते, वरून सुकलेले, आत पाय घातला की माणूस गेलाच.’ हे वाक्य कुणाचं?”

“प्रमिलाताईंचं,” ते अभिमानाने म्हणाले. “दुसरी कादंबरी, पान अठ्ठ्याण्णव.”

“मग अवतरणचिन्हं कुठायत?”

“अहो मॅडम, सगळा कोशच त्यांचा आहे. अवतरणचिन्हं कुठे कुठे घालायची?”

मी कपाळाला हात लावला. अशा ओळी एकदोन नव्हत्या. दोनशेच्या वर नोंदींमध्ये प्रमिलाताईंची वाक्यंच्या वाक्यं जशीच्या तशी बसवलेली, काही ठिकाणी तर अख्खा परिच्छेद. मी त्यांना विचारलं की तुम्ही स्वतःच्या शब्दांत का नाही लिहिलंत? त्यांना प्रश्नच कळला नाही. त्यांच्या वाक्याला मी कोण हात लावणार, असं त्यांचं म्हणणं. लॅबमध्ये मशीनवर जे रीडिंग आलं ते तसंच लिहायचं, त्यात स्वतःचं काही घालायचं नाही. इथेही त्यांनी तेच केलं. भक्तीपोटी केलं, पण कायद्याच्या नजरेत ती नक्कल होती. फोर्टच्या वकिलाला या दोनशे नोंदी मिळाल्या की आमचा खेळ खलास.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं. नकाशा तुमचा, वंशावळी तुमच्या, वेळापत्रक तुमचं, त्याला कुणी हात लावू शकत नाही. पण ही वाक्यं काढा. जिथे मूळ वाक्याशिवाय चालणारच नाही तिथे एखादी ओळ ठेवा, अवतरणचिन्हांत आणि पान क्रमांकासकट. बाकी तुमच्या भाषेत लिहा. ते म्हणाले, मला भाषाच येत नाही. मी म्हटलं, रिपोर्ट लिहायचात ना, तसं लिहा.

ते नाराज होऊन गेले. मला वाटलेलं की आता दुसरा वकील बघतील. पण चार दिवसांनी बॅग घेऊन आले. सगळ्या नोंदी पुन्हा लिहिलेल्या. बुधाजीची नोंद आता अशी होती: ‘बुधाजी वरवर शांत. त्याच्या वाट्याला गेलेले चारही जण बुडून मेले. (कादंबरी २, ३, ३, ४)’. मी ती वाचून इतकी हसले की चहा सांडला. तेंडोलकर घाबरून म्हणाले, वाईट झालंय का? मी म्हटलं, अहो, हे तुमचं आहे.

दावा दाखल झाला. कॅव्हेटमुळे आम्हाला पहिल्याच तारखेला उभं राहता आलं. फोर्टचे वकील चाळिशीचे, स्वच्छ इंग्रजी, बरोबर तीन जाडजूड फाइली. त्यांनी तासभर छान मांडलं. आमचे क्लायंट स्वतःच धुपेबंदरचा अधिकृत मार्गदर्शक काढणार आहेत, हा कोश आला तर त्याला बाजारच उरणार नाही, आणि प्रतिवादीने लेखिकेची वाक्यं उचलली आहेत. म्हणून ताबडतोब इंजंक्शन द्या, म्हणजे निकाल लागेपर्यंत छपाईला मनाई.

मी सुधारलेलं प्रूफ प्रतिज्ञापत्राबरोबर जोडलेलं होतं. ते जज्जसाहेबांपुढे ठेवलं आणि म्हटलं, युअर ऑनर, जी वाक्यं होती ती आम्ही होऊन काढली आहेत, आता काय उरलंय ते बघा. जज्जसाहेबांनी पानं चाळली. नकाशा उघडून बराच वेळ बघत बसले. मग फोर्टच्या वकिलांना एकच विचारलं, की ही साइट जर अकरा वर्षं चालू आहे, तर आजच एवढी घाई कसली? वकील म्हणाले की आमच्या क्लायंटना साइटची कल्पना अलीकडेच आली. तसं प्रतिज्ञापत्रावरच लिहून दिलेलं होतं.

त्या दिवशी हुकूम झाला नाही. तीन आठवडे छापणार नाही असं मी आमच्या वतीने स्टेटमेंट केलं आणि साहेबांनी दोन्ही बाजूंना मध्यस्थीला पाठवलं. मध्यस्थी म्हणजे मीडिएशन. कोर्टाच्याच इमारतीत एक खोली असते, तिथे एका तटस्थ माणसासमोर बसून बोलायचं. जमलं तर करार, नाही तर परत कोर्टात. तिथलं बोलणं पुढे कोर्टात वापरता येत नाही.

बाहेर आल्यावर तेंडोलकर खूश, मी काळजीत. साइटची कल्पना अलीकडे आली, हे खोटं पाडलं तरच आमची बाजू पक्की होणार होती. उशीर कायद्याला आवडत नाही. वर्षानुवर्षं उघड्या डोळ्यांनी चालू दिलंत आणि आज धावत आलात, तर कोर्ट तुम्हाला तातडीची मनाई सहसा देत नाही. पण त्यांना माहीत होतं हे दाखवायचं कसं? लेखिका कोणती साइट बघते हे मला कोण सांगणार?

म्हणून मी तेंडोलकरांना सगळी कार्डं आणायला सांगितली. रिक्षातून सतरा खोकी उतरली, औषधांच्या बाटल्या येतात तसली. सगळी कार्डं अनुक्रमांकाने. प्रत्येकावर तारीख आणि ‘वि. तें.’ अशी सही. मी एकेक काढून कादंबऱ्यांच्या तारखांशी लावत होते, की साइटवर काय कधी गेलं याचा तक्ता करता येईल. ‘दीपगृह’ या कार्डापाशी मी थांबले. त्यावर लिहिलेलं, ‘पायऱ्या: १४४’. पुढे कादंबरी क्रमांक नाही, पानही नाही. प्रूफात मात्र याच नोंदीपुढे ‘कादंबरी ९, पान ३१’ होतं.

“हे कार्ड नवव्या कादंबरीच्या आधी दोन वर्षांचं आहे,” मी म्हटलं. “तेव्हा तुम्हाला पायऱ्या कुठून कळल्या?”

ते म्हणाले, कार्ड उलटं करा. मागे बारीक अक्षरात गणित केलेलं होतं. तिसऱ्या कादंबरीत दीपगृहाची उंची दिलीय, त्यावरून त्यांनी पायऱ्या काढलेल्या. एका पायरीची उंची सात इंच धरलेली, कारण त्यांच्या कोपरच्या बिल्डिंगच्या जिन्याची पायरी सात इंच आहे. स्वतः मोजलेली. उत्तर आलं एकशे चव्वेचाळीस, तेच साइटवर टाकलं. स्वतःचा हिशेब आहे हे लिहायचं मात्र राहून गेलं. दोन वर्षांनी नववी कादंबरी आली आणि तिच्यात रखवालदाराची मुलगी धापा टाकत एकशे चव्वेचाळीस पायऱ्या चढते. “त्या दिवशी मी पेढे वाटलेले मॅडम. माझं गणित लेखिकेच्या मनातल्या आकड्याशी तंतोतंत जुळलं म्हणून.”

मी तिसरी कादंबरी मागवली आणि पान काढलं. तिथे लिहिलेलं, दीपगृह ‘चौथऱ्यासकट बहात्तर फूट’. तेंडोलकरांच्या गणितात उंची होती चौऱ्याऐंशी फूट. मी त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. चौथरा बारा फुटांचा. त्यांनी तो बहात्तरमध्ये पुन्हा मिळवलेला. खरं उत्तर येतं एकशे तेवीसच्या आसपास.

मी खुर्चीतून उठलेच. एकशे चव्वेचाळीस हा आकडा जगात दुसऱ्या कुणाला सापडणं शक्यच नव्हतं. तो सापडायला चौथरा दोनदा मोजायला हवा आणि कोपरच्या त्या जिन्याची पायरी मोजायला हवी. प्रमिलाताईंकडे तो आकडा एकाच ठिकाणाहून आलेला असणार, साइटवरून. म्हणजे साइट त्यांना निदान सात वर्षांपासून ठाऊक होती, आणि नुसती ठाऊक नव्हती, त्या ती समोर ठेवून लिहीत होत्या. असा पुरावा मला तीस वर्षांत कधी मिळालेला नाही. मी मनातल्या मनात फुगडी घालत होते आणि समोर तेंडोलकर रडकुंडीला आलेले. त्यांना पुरावा दिसतच नव्हता. त्यांना एवढंच दिसत होतं की साइटवर नऊ वर्षं चुकीचा आकडा आहे, आणि त्यांच्या चुकीने प्रमिलाताईंचं पुस्तक बिघडलं.

मी त्यांना समजावून सांगितलं की या कार्डावर आपण जिंकतो. ते ऐकून ते आणखी अडून बसले. नाही म्हणाले. कोर्टात, सगळ्यांसमोर, या बाई दुसऱ्याची साइट बघून लिहितात असं म्हणायचं नाही. त्यांची बदनामी होईल. मी म्हटलं, त्यांनी तुम्हाला चोर म्हटलंय. ते म्हणाले, त्यांनी म्हटलं म्हणून मी पण म्हणायचं का? आमचं चांगलंच वाजलं. मी त्यांना ‘हट्टी’ म्हटलं, ते मला ‘आततायी’ म्हणाले, आणि शेवटी एवढ्यावर तडजोड झाली की कार्ड मध्यस्थीच्या बंद खोलीत काढायचं, ते मी काढायचं, आणि तेंडोलकरांनी तोंड उघडायचं नाही.

बंद खोलीतलं बाहेर सांगायचं नसतं. पण पुढे काय घडलं ते प्रमिलाताईंनी स्वतःच नंतर माइकवरून सांगितलं, म्हणून मीही लिहितेय.

खोलीत मध्यस्थ म्हणून एक ज्येष्ठ वकील होते. समोर फोर्टचे वकील, तिशीचे प्रकाशक आणि प्रमिलाताई. लहानखुऱ्या, पांढरी वेणी, मांडीवर कापडी पिशवी. तेंडोलकरांनी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. उठून नमस्कार केला. त्यांनी मान हलवली, हसल्या नाहीत.

सुरुवात त्यांनीच केली. म्हणाल्या, “माझी दोनशे वाक्यं याच्यात आहेत, असं मला दाखवलं. एका वाक्यासाठी मी कधीकधी आठवडा बसते. कुणीही यावं आणि ती आपल्या पुस्तकात लावून घ्यावीत?”

 मी म्हटलं, ताई, तुमचं बरोबर आहे, आणि ती वाक्यं काढली आहेत. सुधारलेलं प्रूफ पुढे केलं. त्यांना त्याबद्दल कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी प्रकाशकाकडे बघितलं, तो फाइलीत बघायला लागला. मग मी कार्ड काढण्यासाठी बॅगेकडे हात नेला, आणि बघते तर कार्ड तेंडोलकरांच्या हातात. माणूस उभा राहिलेला.

“ताई, मला तुमची माफी मागायची आहे,” ते म्हणाले.

 वाटलं, संपलं, हा आता सगळं कबूल करून मोकळा होणार. फोर्टच्या वकिलांनी तर पेन उघडलं.

“नवव्या कादंबरीत दीपगृहाला एकशे चव्वेचाळीस पायऱ्या आहेत,” तेंडोलकर म्हणाले. “त्या एकशे तेवीस हव्यात. मी चौथरा दोनदा मोजला आणि तसंच साइटवर टाकलं. माझी चूक तुमच्या पुस्तकात गेली.”

 प्रमिलाताईंनी हात पुढे केला, कार्ड घेतलं, पुढून वाचलं, मागून वाचलं. गणितावरून बोट फिरवलं. तारीख बघितली. फोर्टचे वकील त्यांच्या कानाशी काही सांगायला वाकले, त्यांना त्यांनी हातानेच थांबवलं.

“म्हणजे त्या पायऱ्या तुमच्या होय,” त्या म्हणाल्या. आणि हसल्या. चांगल्या मोठ्याने हसल्या. मग प्रकाशकाकडे वळून म्हणाल्या की अरे, मी तुला सांगितलं नव्हतं का, की एक छान साइट आहे, मी तिच्यावर बघून लिहिते? माझी माणसं आता माझ्या लक्षात राहत नाहीत, कुणाची बायको कोण आणि कोण कधी मेला. हे तेच गृहस्थ आहेत, हे तू मला का नाही सांगितलंस?

प्रकाशकाचं म्हणणं असं निघालं की ताईंना त्याने फक्त दोनशे वाक्यांची यादी दाखवली आणि कुणीतरी तुमची पुस्तकं चोरून छापतोय म्हणून सह्या घेतल्या. प्रतिज्ञापत्र त्यांनी वाचलंच नव्हतं. मला प्रकाशकाचा राग आला, आणि वाचल्याशिवाय सही करणाऱ्या ताईंचाही आला. ऐंशी वर्षांची असली तरी सही ती सहीच. पण तेव्हा बोलले नाही. जिंकत असताना वकिलाने गप्प बसावं.

त्यानंतर प्रमिलाताईंनी प्रूफ जवळ ओढलं आणि ‘ब’ काढलं. बुधाजीची नोंद वाचली. “वरवर शांत. त्याच्या वाट्याला गेलेले चारही जण बुडून मेले,” त्या पुटपुटल्या. “हे वाक्य माझं नाही. बरं आहे हो.” तेंडोलकर खाली बसले आणि रुमाल काढला. पुढचा तासभर त्यांनी तो परत खिशात घातला नाही.

अटी लिहायला दुपार गेली. प्रमिलाताई त्यांच्या वाक्यांच्या बाबतीत तसूभर हलल्या नाहीत आणि मी त्यांना हलवायचा प्रयत्न केला नाही. एका नोंदीत त्यांची जास्तीत जास्त एक ओळ, अवतरणचिन्हांत, पान क्रमांकासह. नकाशा, वंशावळी, वेळापत्रक यांवर त्यांचा काही हक्क नाही, हे त्यांनी मान्य केलं. साइट चालू राहणार. प्रकाशकाने त्याचा मार्गदर्शक खुशाल काढावा, दोन्ही पुस्तकं बाजारात राहतील. आणि ‘वाङ्मयचौर्य’ हा शब्द बिनशर्त मागे घेत असल्याचं पत्र प्रकाशक आणि लेखिका दोघांच्या सहीने. हे पत्र प्रमिलाताईंनी तिथेच स्वतःच्या हाताने लिहिलं. तेंडोलकरांनी ते चारदा वाचलं, घडी घातली, परत उघडून पाचव्यांदा वाचलं.

फोर्टच्या वकिलांना काहीतरी मिळवून घरी जायचं होतं. त्यांनी एक कलम अडवून धरलं. कोशाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापायचं की ‘हा कोश लेखिकेने तयार केलेला, तपासलेला किंवा मान्य केलेला नाही’. त्या पानावर दुसरं काहीही नको, नाहीतर वाचकाचं लक्ष जाणार नाही. मी जरा कुरकुर केल्यासारखं केलं आणि मान्य केलं. पुढच्या तारखेला अटी कोर्टात नोंदवल्या, दावा निकाली निघाला. जज्जसाहेबांनी जाताना हळूच विचारलं की तो नकाशा पुस्तकात आहे ना. मी आहे म्हटलं.

प्रकाशन डोंबिवलीत वाचनालयाच्या हॉलमध्ये झालं. मी अशा समारंभांना जात नाही, या समारंभाला गेलेले. हॉल भरला, मग जिना भरला. प्रमिलाताई ठाण्याहून आलेल्या, बरोबर पिशवी धरायला तो प्रकाशक. त्यांनी माइकवर पायऱ्यांची गोष्ट सांगितली आणि नवव्या कादंबरीच्या नव्या आवृत्तीत आकडा बदलणार नाही असंही सांगितलं. माझ्या बंदरात चूकही आता मुक्कामाला आहे, म्हणाल्या. तेंडोलकरांना बोलायला उठवलं तर ते ‘धन्यवाद’ म्हणाले आणि खाली बसले. टाळ्या थांबेनात. मी वकील आहे, मी कोर्टाबाहेर टाळ्या वाजवत नाही, त्या दिवशी हात दुखेपर्यंत वाजवल्या.

मग सह्यांसाठी रांग लागली. तेंडोलकर एका बाजूला, प्रमिलाताई दुसऱ्या. लोक कोश उघडून ताईंच्या पुढे धरत होते. सही करायला मोकळं पान लागतं आणि अख्ख्या पुस्तकात मोकळं पान एकच होतं, पहिलं. वर ठळक अक्षरांत ‘लेखिकेने तयार केलेला, तपासलेला किंवा मान्य केलेला नाही’, आणि त्याच्या बरोबर खाली, प्रत्येक प्रतीवर, लेखिकेची सुंदर वळणदार सही. एका बाईंनी न राहवून विचारलं, ताई, इथे तर लिहिलंय तुम्ही तपासला नाही.

“नाहीच तपासला,” ताई पुढची प्रत ओढत म्हणाल्या. “मी माझी पुस्तकं यावरून तपासते.”

दुसऱ्या दिवशी फोर्टच्या वकिलांचा फोन आला. मॅडम, त्या सह्यांनी आमच्या कलमाचा अर्थच गेला. मी म्हटलं, कलम छापलंय, ठळक छापलंय, तुम्ही म्हणालात तसं पानावर एकटंच छापलंय. ताईंनी स्वतःचं नाव लिहिलं, आणि त्यांचं नाव तर त्यांच्याच मालकीचं आहे.  यावर ते म्हणाले, माझ्या मिसेससाठी एक प्रत मिळेल का, सहीवाली.

मिळवून दिली. आणि तेव्हापासून मी कधी प्रकाशकाच्या बाजूने असे करार लिहिते तेव्हा असल्या कलमाखाली मोकळी जागा सोडत नाही.